डॉक्टरांचा विमा, रुग्णाची भरपाई

मिरज जंक्शनवर सकाळच्या गाड्यांतून उतरणाऱ्यांमध्ये एक्स-रेची मोठी पिशवी हातात घेतलेली माणसे हमखास दिसतात. कुडची-रायबागकडची कानडी बोलणारी कुटुंबे, सांगोला-पंढरपूरकडचे शेतकरी, म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन आलेली कवठेमहांकाळची मुले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन रुग्णालय सुरू केले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि मिरज हे दवाखान्यांचे गाव झाले. साताऱ्याच्या बाजूला कराडही पुढे तसेच वाढले. या दोन जिल्ह्यांत आरोग्यसेवेचा बराच भार दहा-वीस खाटांच्या खासगी रुग्णालयांवर आहे. डॉक्टर पती-पत्नीने उभे केलेले, खाली रुग्णालय, वर राहते घर आणि दोन्हींवर बँकेचे कर्ज, असे त्यांचे नेहमीचे चित्र.

समजा, अशाच एका रुग्णालयात ३८ वर्षांचा एक हमाल पोटदुखी घेऊन आला. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा. पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, तिसऱ्या दिवशी तो घरी गेला. पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले, पोट फुगले. पित्तनलिकेला इजा झाली होती. पुण्याला हलवावे लागले, तिथे दुसरी मोठी शस्त्रक्रिया झाली, बायकोचे दागिने गहाण पडले. सहा महिने पोते उचलता आले नाही. आठव्या महिन्यात सर्जनच्या दारात पोस्टमन आला. वकिलाची नोटीस होती, मागणी १८ लाख रुपयांची.

ही घटना कल्पित आहे; पण तिच्यातला प्रत्येक टप्पा सर्जनांच्या ओळखीचा आहे. पित्तनलिकेची इजा ही या शस्त्रक्रियेतील जगभर नोंदलेली गुंतागुंत आहे आणि ती अनुभवी हातांकडूनही होते. इथे दोन प्रश्न उभे राहतात. हमालाच्या घराचे नुकसान कोण भरून देणार? आणि ते द्यावे लागले, तर डॉक्टरांचे रुग्णालय आणि वरचे घर राहणार का? ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’ म्हणजे व्यावसायिक दायित्वाचा विमा या दोन्ही प्रश्नांसाठी असतो. अनेक डॉक्टर तो घेतात, एजंटने दिलेली पॉलिसी फाइलमध्ये लावतात आणि नोटीस येईपर्यंत ती उघडून वाचत नाहीत.

उपचार ‘सेवा’ कसे ठरले

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. डॉक्टर त्यात येतात की नाही, हा वाद जवळजवळ दहा वर्षे चालला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पैसे घेऊन केलेला उपचार ही कायद्याच्या अर्थाने सेवा आहे. रुग्णाचे बिल विमा कंपनीने किंवा मालकाने भरले, तरी तो ग्राहकच. जिथे सर्वांवर पूर्णपणे मोफत उपचार होतात, ती रुग्णालये मात्र या कायद्याबाहेर राहिली.

२०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा उल्लेख नाही, म्हणून डॉक्टर त्यातून सुटले असा युक्तिवाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तो फेटाळला आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. मे २०२४ मध्ये वकिलांची सेवा या कायद्यात येत नाही असा निर्णय झाला. त्या निमित्ताने १९९५ च्या निकालाचाही फेरविचार व्हावा, अशी सूचना पुढे आली. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्याची गरज नसल्याचे सांगितले. डॉक्टर कायद्यात आहेत, हे आज पक्के आहे.

नव्या कायद्यातील दोन बदल या भागातल्या डॉक्टरांना थेट लागू होतात. पहिला बदल जागेचा. रुग्ण आता आपण राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणच्या आयोगात तक्रार करू शकतो. मिरजेत शस्त्रक्रिया झालेला अथणीचा रुग्ण बेळगावला दाद मागू शकतो. पाटण किंवा जावळी तालुक्यातला, मुंबईत माथाडी काम करणारा माणूस गावाकडे उपचार घेऊन मुंबईत तक्रार नोंदवू शकतो. दुसरा बदल रकमेचा. कोणत्या आयोगात जायचे हे आता मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, उपचारासाठी मोजलेल्या पैशांवरून ठरते. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंतचे व्यवहार जिल्हा आयोगाकडे येतात. म्हणजे दीड लाखाच्या बिलावरून कोणी एक कोटी मागितले, तरी प्रकरण सांगली किंवा साताऱ्याच्या जिल्हा आयोगातच चालेल.

गुंतागुंत आणि हयगय

उपचार फसला म्हणजे डॉक्टर दोषी, असे कायदा म्हणत नाही. या विषयातला एक मूलभूत निकाल महाराष्ट्रातलाच आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले आणि त्याच दिवशी तो दगावला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना काळजी आणि तो उपचार देताना काळजी. अपेक्षा अत्युच्च कौशल्याची नाही. त्या परिस्थितीत वाजवी कौशल्याची आहे. त्या खटल्यातली भरपाई होती ३,००० रुपये.

हमालाच्या प्रकरणात नलिकेला इजा झाली, एवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाही. आयोग पुढचे प्रश्न विचारेल. शस्त्रक्रियेत अवघड जागा दिसल्यावर पोट उघडून करण्याचा विचार झाला का? तिसऱ्या दिवशी घरी सोडताना पोट तपासल्याची नोंद आहे का? पाचव्या दिवशी फोन आला तेव्हा काय सांगितले? पुण्याला पाठवायला किती तास लागले? ही गुंतागुंत होऊ शकते, हे आधी रुग्णाला त्याच्या भाषेत समजावले होते का? उत्तरे केसपेपरवर असतील, तर तज्ज्ञाला मत देता येते. केसपेपर कोरा असेल, तर चांगल्या सर्जनलाही आपली बाजू मांडता येत नाही.

संमतीचेही तसेच आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तपासणीसाठी दिलेली संमती पुढच्या शस्त्रक्रियेला पुरत नाही. जीव वाचवण्याची तातडी नसेल, तर नवी संमती घ्यावी लागते. मिरजेसारख्या ठिकाणी इंग्रजी छापील फॉर्मवर कानडी भाषक रुग्णाचा अंगठा घेतला, तर ती समजून दिलेली संमती कशी म्हणायची, हा प्रश्न कोणीही वकील विचारेल.

पॉलिसीतले दोन आकडे

विमा दोन खर्च उचलतो. आयोगाने किंवा दिवाणी न्यायालयाने ठरवलेली भरपाई आणि बाजू लढवण्याचा खर्च, म्हणजे वकिलाची फी आणि तज्ज्ञांचे मत. हा दुसरा खर्च कंपनीच्या पूर्वसंमतीने केलेला असावा लागतो आणि अनेक पॉलिसींत तो विमा रकमेतूनच वजा होतो. २५ लाखांच्या विम्यातले तीन लाख लढण्यात गेले, तर भरपाईसाठी २२ उरतात.

पॉलिसीवर मर्यादेचे दोन आकडे असतात: एका घटनेसाठी किती आणि पूर्ण वर्षासाठी किती. वर्षाचा आकडा एक कोटी आणि प्रमाण एकास चार असेल, तर एका घटनेला २५ लाखच मिळतील. ‘माझा एक कोटीचा विमा आहे’ असे सांगणाऱ्या डॉक्टरला हे माहीत नसेल, तर ४० लाखांच्या निकालात १५ लाख स्वतःच्या खिशातून जातील.

किती रकमेचा विमा घ्यावा, याचे उत्तर रुग्णालयाच्या बिलात सापडत नाही. भरपाई ठरते ती रुग्णाचे वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे आणि पुढच्या उपचारांचा खर्च यांवरून. पालशेतच्या तरुणासाठी ३,००० रुपये मिळाले होते. कोलकात्यात उपचार झालेल्या एका महिलेच्या १९९८ मधील मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपये आणि त्यावर व्याज मंजूर केले. त्यातला मोठा भाग रुग्णालयाला भरावा लागला, पण दोन डॉक्टरांच्या वाट्याला प्रत्येकी १० लाख आणि तिसऱ्याच्या वाट्याला ५ लाख आले. असे निकाल विरळा असतात. तरीही प्रसूती, भूल, मेंदू आणि मणका या शाखांत नुकसान आयुष्यभराचे असू शकते. जन्मतः मेंदूला इजा झालेल्या बाळाला पुढे कित्येक वर्षे सांभाळावे लागते. दहा वर्षांपूर्वी घेतलेला आकडा तसाच ठेवून हप्ता भरत राहणे म्हणूनच धोक्याचे आहे.

घटनेची तारीख, दाव्याची तारीख

सर्वाधिक गैरसमज इथे होतो. अपघात विम्यात अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू असली की पुरते. व्यावसायिक दायित्वाच्या विम्यात साधारणपणे दावा ज्या दिवशी येतो, त्या दिवशीची पॉलिसी पाहिली जाते. शिवाय मूळ घटना पॉलिसीवर छापलेल्या ‘रेट्रोॲक्टिव्ह डेट’नंतरची असावी लागते. ज्या तारखेपासून विमा खंड न पडता चालू आहे, ती बहुधा ही तारीख असते.

समजा, सर्जनने २०१५ पासून सलग विमा घेतला आहे. शस्त्रक्रिया मार्च २०२३ मधली आणि नोटीस नोव्हेंबरमधली. २०२३ चे नूतनीकरण वेळेवर झाले असेल, तर विमा लागू होतो. पण मुलीच्या लग्नाच्या गडबडीत ते राहून गेले आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या कंपनीची नवी पॉलिसी घेतली, तर नव्या पॉलिसीवर तारीख ऑगस्ट २०२३ ची पडू शकते. मग मार्चची शस्त्रक्रिया जुन्या पॉलिसीतही नाही आणि नव्यातही नाही. आठ वर्षे भरलेले हप्ते या एका प्रकरणात कामाला येत नाहीत. कंपनी बदलायला हरकत नाही. मात्र जुनी तारीख नव्या पॉलिसीवर कायम राहिल्याचे लेखी घ्यावे.

ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, पण सबळ कारण दिल्यास उशीर माफ होऊ शकतो. म्हणून प्रॅक्टिस बंद केलेल्या डॉक्टरने त्याच महिन्यात विमा बंद करू नये. निवृत्तीनंतरही काही वर्षे संरक्षण चालू ठेवण्याची सोय आहे का, हे कंपनीला विचारावे. डॉक्टर हयात नसले, तर दावा वारसांपर्यंत, म्हणजे त्यांच्याकडे आलेल्या मालमत्तेपर्यंत पोहोचू शकतो.

विम्यात काय येत नाही

दंड आणि तुरुंगवास यांवर विमा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना तसे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. फौजदारी गुन्ह्यासाठी हयगय ढोबळ स्वरूपाची असावी लागते आणि गुन्हा चालवण्याआधी त्याच विषयातील, शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टरचे मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘जेकब मॅथ्यू’ खटल्यात ऑगस्ट २००५ मध्ये सांगितले आहे. काही पॉलिसी फौजदारी प्रकरणात वकिलाचा खर्च देतात, काही देत नाहीत. हे घेतानाच पाहावे.

जाणूनबुजून केलेले बेकायदा काम कोणत्याच विम्यात बसत नाही. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे उघड झालेल्या गर्भपातांसारखा प्रकार हा विम्याचा विषयच नव्हे. नशेत केलेला उपचार, ‘शंभर टक्के बरे करतो’ अशी हमी, सौंदर्यवर्धनासाठी केलेल्या प्रक्रिया हेही बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते. गावोगावी केस, त्वचा आणि वजन कमी करण्याची केंद्रे निघत आहेत. त्यांनी हे कलम आधी वाचावे.

सर्वांत महत्त्वाची अट पदवी आणि नोंदणीची आहे. मुंबईतील एका प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ज्या शास्त्राचे शिक्षण आणि नोंदणी नाही त्या शास्त्राने उपचार करणे हीच हयगय आहे. वेगळा पुरावा लागत नाही. राज्याच्या नियमांनी काही पदवीधरांना मर्यादित मुभा दिली आहे, पण ती मर्यादा कागदावर ठरलेली असते. रात्रपाळीला कोणत्या पदवीचा डॉक्टर ठेवला आहे आणि त्याला कोणते निर्णय घ्यायची परवानगी आहे, हे रुग्णालयाच्या मालकाला माहीत हवे. पहाटे तीन वाजता झालेल्या चुकीवरच्या दाव्यात कंपनी हेच पहिल्यांदा विचारते.

कोणाचा विमा कोणासाठी

सांगली-मिरजेत एखादा भूलतज्ज्ञ सकाळी मिरजेत, दुपारी तासगावला, संध्याकाळी विट्याला असतो. रुग्णालयाचा स्वतःचा विमा असेल, तर तो संस्थेवरच्या जबाबदारीसाठी असतो. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाची वैयक्तिक जबाबदारी त्यात येईलच असे नाही. तज्ज्ञाचा वैयक्तिक विमाही रुग्णालयाचे रक्षण करत नाही. तक्रारदार मात्र दोघांनाही पक्षकार करतो. म्हणून रुग्णालयाने येणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाच्या चालू पॉलिसीची प्रत दरवर्षी फाइलला लावावी आणि तज्ज्ञाने रुग्णालयाचा विमा आहे का, हे विचारावे. विचारण्यात अपमान मानू नये.

परिचारिका, कंपाउंडर, तंत्रज्ञ यांच्या हातून झालेल्या चुकीची जबाबदारी बहुधा मालकावर येते. त्यांची नावे आणि पात्रता पॉलिसीत नोंदवली आहे का, जादा हप्ता भरला आहे का, हे पाहावे लागते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तगटाची अदलाबदल होऊ शकते. फिजिओथेरपिस्ट, दंतवैद्य, सोनोग्राफी केंद्र, इतकेच काय पण सनदी लेखापाल आणि वास्तुविशारद यांनाही याच प्रकारचा विमा मिळतो, कारण सल्ला किंवा कौशल्य विकणाऱ्या प्रत्येकाच्या चुकीचे नुकसान दुसऱ्याला सोसावे लागते.

रुग्णालयाच्या तोडफोडीचा विमा मात्र वेगळा असतो. डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि मोडलेल्या वस्तूंच्या दुप्पट किंमत वसूल करण्याची तरतूद आहे. दायित्वाच्या पॉलिसीत फुटलेल्या काचा येत नाहीत.

नोटीस आल्यावर

नोटीस हातात पडली की पहिला फोन मित्राला जातो, दुसरा वकिलाला. विमा कंपनीची आठवण कधीकधी महिन्याने होते. तोवर उशीर झालेला असतो, कारण दावा किंवा दाव्याची शक्यता कळताच लेखी सूचना देणे ही पॉलिसीची अट आहे. वकिलाची नोटीस, पोलिसांचे पत्र, केसपेपर मागणारा अर्ज, यांपैकी काहीही आले की त्याच आठवड्यात कंपनीला पत्र जावे आणि पोच घ्यावी. एजंटच्या कानावर घातले, एवढे पुरत नाही.

आयोगाची नोटीस आली असेल, तर कैफियत दाखल करायला ३० दिवस मिळतात, आयोगाने दिल्यास आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी सांगितले की ४५ दिवसांनंतर एकही दिवस वाढवून देता येणार नाही. त्यानंतर डॉक्टरची बाजू लेखी स्वरूपात आयोगासमोर जातच नाही. वकिलाने तारीख घेतली आहे, या भरवशावर बसलेल्यांचे यात नुकसान होते. निकाल विरुद्ध गेला, तर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येते, पण आधी निम्मी रक्कम भरावी लागते. ती रक्कम कंपनी भरेल की डॉक्टर, हे तेव्हाच लेखी ठरवून घ्यावे.

केसपेपरला हात लावू नये. राहिलेली नोंद मागाहून वेगळ्या शाईने भरली, की हयगयीचा नसलेला पुरावाही तयार होतो.

कंपनीने अन्यायाने दावा नाकारला, तर डॉक्टर स्वतः विम्याचा ग्राहक असतो. ज्या आयोगासमोर तो विरुद्ध पक्ष म्हणून उभा असतो, तिथेच त्याला कंपनीविरुद्ध तक्रारदार होता येते.

नातेवाइकांशी बोलावे का

कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करू नये, पैसे देऊ करू नयेत, तडजोडीचे वचन देऊ नये, अशी अट पॉलिसीत असते. अनेक डॉक्टर तिचा अर्थ ‘तोंड उघडू नये’ असा घेतात. केबिनचे दार बंद होते, फोन उचलला जात नाही, बाहेर उभ्या नातेवाइकांना रिसेप्शनवरची मुलगी ‘डॉक्टर बाहेर गेलेत’ म्हणून सांगते. वाद इथून चिघळतो.

ती अट पैशांच्या आणि कायदेशीर कबुलीच्या संदर्भात आहे. रुग्णाला काय झाले, ते कधी लक्षात आले, आता काय करायला हवे, पुण्याला कोणाकडे पाठवतो आहोत, हे सांगण्यावर ती बंदी घालत नाही. उलट ते सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्यच आहे. ‘पित्तनलिकेला इजा झाली आहे. ही गुंतागुंत या शस्त्रक्रियेत होऊ शकते. तुम्हाला हा त्रास झाला याचे मला वाईट वाटते. पुढच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोललो आहे आणि सगळे कागद तुमच्यासोबत देतो,’ या बोलण्यात कोणतीही कायदेशीर कबुली नाही. ज्या हमालाच्या बायकोला हे दारात उभे राहून ऐकायला मिळाले, ती वकिलाकडे गेली तरी वेगळ्या मनाने जाईल.

रुग्णाच्या बाजूने

रुग्णाने किंवा नातेवाइकाने केसपेपर मागितले, तर ७२ तासांत प्रती देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे आणि आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायचे असतात, असे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील, तर ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. हयगय सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. त्यामुळे शक्य झाल्यास त्या शाखेच्या तज्ज्ञाचे मत घेऊनच पुढे जावे; पोटात कापड राहिल्यासारख्या उघड चुकीत त्याची गरज पडत नाही. गंभीर इजा किंवा मृत्यूची वैद्यकीय प्रकरणे आयोगामार्फत मध्यस्थीकडे पाठवता येत नाहीत. डॉक्टर, कंपनी आणि रुग्ण यांनी आपसांत तोडगा काढायला मात्र अडचण नाही.

डॉक्टरचा विमा आहे हे कळले की काही नातेवाईक म्हणतात, ‘मग काय, कंपनीच देणार आहे, मागा दुप्पट.’ कंपनीही लढते आणि फुगवलेल्या मागणीने प्रकरण वर्षानुवर्षे लांबते. रुग्णाच्या दृष्टीने विम्याचा खरा उपयोग वेगळा आहे. निकाल बाजूने लागला आणि डॉक्टरकडे पैसेच नसले, तर निकालाचा कागद हातात राहतो. विमा असला तर रक्कम मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

सरकारी रुग्णालयात

सांगलीचे वसंतदादा पाटील रुग्णालय असो की साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सरकारी रुग्णालयात चूक झाली तर दाद नाही, असे लोक समजतात. तसे नाही. १९६३ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर एका महिलेची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात कापड राहिले. काही दिवसांनी पुन्हा पोट उघडून ते काढले, पण ती वाचली नाही. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या हयगयीला राज्य सरकार जबाबदार आहे असे ठरवून ती भरपाई कायम केली. तेव्हा त्या महिलेच्या मृत्यूला ३२ वर्षे उलटली होती.

सांगलीच्या हमालाला एवढी वर्षे थांबणे परवडणार नाही. त्याचे पोट रोजच्या पोत्यांवर चालते. सर्जनने नूतनीकरण चुकवले नसेल, नोटीस आठवड्यात कंपनीला कळवली असेल, केसपेपरवर तारीख-वेळेसह नोंदी असतील, तर या प्रकरणाचा निकाल कोणत्याही बाजूने लागो, दोन्ही घरे उभी राहतील. हयगय झाली असेल तर हमालाच्या बायकोचे दागिने सुटतील. नसेल झाली, तर ते सिद्ध करण्याचा खर्च सर्जनच्या कर्जात भर घालणार नाही. त्यासाठी फाइलमधली पॉलिसी आजच काढून चार गोष्टी पाहाव्यात: एका घटनेची मर्यादा, रेट्रोॲक्टिव्ह तारीख, कर्मचाऱ्यांची नावे आणि नूतनीकरणाचा दिवस.